कंप

गेली दोन-अडीच वर्षे लिहिताना माझा उजवा हात कापतो. मांडीवर स्वस्थ ठेवला तर तो स्थिर असतो. पण लेखणी उचलली, चहाची कपबशी ओठांशी नेली किंवा सुईत दोरा ओवायला घेतला, की बोटांत बारीक कंप सुरू होतो. आमच्याकडे अशा हाताला लोक लगेच ‘कंपवात’ म्हणून मोकळे होतात. मीही मनात तेच नाव घेऊन मज्जाविकारतज्ज्ञांसमोर जाऊन बसले होते. त्यांनी एक कोरा कागद पुढे सरकवला आणि मध्यबिंदूपासून बाहेर उलगडत जाणारे एक सर्पिल काढायला सांगितले. मी काढले. रेषा करवतीसारखी दातेरी उमटली. ते म्हणाले, “हा कंपवात नव्हे. त्यात हात प्रामुख्याने विश्रांतीत कापतो; तुमचा काम करताना कापतो. याला इसेन्शियल ट्रेमर म्हणतात. गोळीने थोडा कमी होईल. जाणार मात्र नाही.”

‘इसेन्शियल’ हा शब्द मी साहित्यविचारात चाळीस वर्षे वापरला होता. तत्त्वभूत, सारभूत अशा अर्थाने. वैद्यकात तो ज्याचे मूळ सांगता येत नाही अशा विकाराला लावतात, हे मला त्या दिवशी कळले. घरी येऊन मी जुनी टिपणे काढून पाहिली. प्रबंधांच्या समासात लिहिलेली, शिरोरेखा न तुटणारी ती बारीक अक्षरे आता दुसऱ्याच कुणाची वाटली. समीक्षकाचे भांडवल म्हणजे वाचन आणि विचार असे मीच विद्यार्थ्यांना सांगत आले. परंतु माझा विचार हाताच्या गतीने चालतो, हे हात बिघडेपर्यंत माझ्या लक्षात आले नव्हते. ही गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. लेकीला तपासणीचा निकाल सांगितला, त्याची लाज वाटते हे सांगितले नाही. चारचौघांत चहा घेणे मात्र हळूहळू टाळू लागले.

मी मूळची गडहिंग्लजची. अध्यापन कोल्हापुरात झाले आणि निवृत्तीनंतर लेकीकडे, बेंगळुरूच्या मल्लेश्वरमला राहायला आले. इथल्या रस्त्यांना झाडांची नावे आहेत. संपिगे म्हणजे सोनचाफा आणि मार्गोसा म्हणजे कडुनिंब. 1898 च्या प्लेगनंतर दाट पेठांतून बाहेर पडलेल्या लोकांनी भरत गेलेली ही वसाहत. आणि तिला जिचे नाव मिळाले त्या काडु मल्लेश्वर देवस्थानाला शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू एकोजी यांनी दिलेल्या दानाचा 1669 चा शिलालेख आहे. मराठी माणसाला इथे अगदीच उपरे वाटण्याचे कारण नाही. सीमाभागात वाढल्यामुळे कानडी माझ्या कानाला परकी नव्हतीच. नातू मला ‘अज्जी’ म्हणतो. ती हाक कानडीतली की आमच्या गडहिंग्लजकडची, हे त्याला विचारले तर सांगता येणार नाही.

याच नातवाने, तो आठवीतून नववीत गेला त्या सुटीत, माळ्यावरून एक खोके खाली आणले. आत एक मोडलेले हेलिकॉप्टर होते. जावयांनी ते 2010 च्या सुमारास हौसेने घेतले, पहिल्या आठवड्यातच पाडले आणि पुढे नोकरीच्या धबडग्यात ते माळ्यावर गेले. खेळण्याच्या दुकानात मिळते तसले ते नव्हते. मुख्य पंख्याचा व्यास सुमारे सत्तर सेंटिमीटर, वजन पाऊण किलोच्या आसपास, विजेची मोटर आणि खऱ्या हेलिकॉप्टरात असते ती सारी यंत्रणा लहान आकारात. ते एका कुशीवर पडले होते. पंख्याचे पाते जमिनीला लागून लवले होते आणि त्याने आपल्याच शेपटीची नळी छाटली होती. अशा पडण्यात हे नेहमीच होते म्हणतात. मोठ्या दंतचक्राचे चार दात गेले होते, उतरण्याच्या पायांपैकी एक मोडला होता. बॅटरी उशीसारखी फुगली होती. ती आम्ही त्याच दिवशी ई-कचऱ्याच्या संकलनात देऊन टाकली.

“अज्जी, हे आपण दुरुस्त करू या?” तो म्हणाला. ‘आपण’ म्हणण्याचे कारण साधे होते. आईवडील दिवसभर कामावर असत आणि घरात रिकामी अशी मीच होते. यंत्रांशी माझा संबंध म्हणाल तर दोनच. एक, आईचे शिवणयंत्र. त्याला तेल घालणे आणि बॉबिनचा ताण जुळवणे हे काम लहानपणी माझ्याकडे असे. दुसरा, कोल्हापूरच्या उद्यमनगरातले माझ्या थोरल्या भावाचे वर्कशॉप. तिथे शेतीपंपांची इंजिने दुरुस्तीला येत. भाऊ चालू इंजिनाला लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक टेकवी, त्याची मूठ कानाला लावी आणि डोळे मिटून उभा राही. पान्याला हात घालण्याआधी ऐकायचे, एवढाच त्याचा धडा होता. मी तो ऐकला होता, गिरवला कधीच नव्हता.

आम्ही जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरली आणि हेलिकॉप्टर उकलायला घेतले. काढलेला प्रत्येक स्क्रू त्याच्या जागेचे नाव लिहिलेल्या वाटीत. लिहिणे नातवाकडे, वाट्या माझ्या. माहितीपुस्तिका इंग्रजीत होती. तिच्यात प्रत्येक भाग शेजाऱ्यापासून थोडा दूर सरकवून, मधे रेघ ओढून दाखवलेल्या आकृत्या होत्या. वाक्याचे पृथक्करण फळ्यावर मांडावे तशा त्या मला दिसल्या आणि माझी भीती थोडी कमी झाली. मराठी नावे देण्याचा उद्योगही मी करून पाहिला. डोक्याखाली दोन कड्यांची एक चकती असते. तिचे खालचे कडे स्थिर राहते, वरचे पंख्याबरोबर फिरते; ती ज्या बाजूला कलते त्याप्रमाणे पात्यांचा कोन फिरता फिरता बदलतो. तिला मी ‘डोलचकती’ म्हटले. नातू मनमुराद हसला. ती स्वॉशप्लेटच राहिली.

दुरुस्तीचे काम म्हणजे बहुतांशी तपासण्याचे काम असते, हे मला इथे समजले. मोडलेला भाग स्वतःहून दिसतो. वाकलेला दिसत नाही. पात्यांना डोक्यातून आरपार धरून ठेवणारी पोलादाची एक बारीक काडी असते, तिला फेदरिंग शाफ्ट म्हणतात. डोळ्यांसमोर धरली तर ती सरळ दिसत होती. नातवाने कपाटाचा जुना आरसा आडवा ठेवला आणि ती काडी काचेवर गडगडवली. सरळ काडी सळसळत जाते. वाकलेली अडखळते आणि तिच्याखाली उजेडाची एक फट उघडझाप करते. आमची अडखळली. ती टाकून नवी घेतली. मुख्य शाफ्टही तसाच गडगडवून पाहिला. तो सरळ निघाला. सदर पत्रप्पा रोडवर, ज्याला सगळे एस. पी. रोड म्हणतात, बारीक बेअरिंगे, वायरी आणि जोडण्या मिळाल्या. दंतचक्र, शेपटीची नळी आणि पाती टपालाने आली. धातूत बसणाऱ्या प्रत्येक स्क्रूला निळ्या थ्रेडलॉकचा एक थेंब द्यायचा. न दिला तर कंपाने स्क्रू सुटतो. अती दिला तर पुढे उघडतच नाही. आणि प्लास्टिकला तो लागू द्यायचा नाही. मोटर चुकून फिरू नये म्हणून तिच्या तारा काम होईपर्यंत सोडवून ठेवायच्या. हे नियम नातवाने कागदावर लिहून भिंतीला चिकटवले.

कामाची वाटणी आपोआप झाली. शेपटी नातवाने जोडली. डोके मी जोडले. डोक्यात मला सर्वांत आवडलेला भाग म्हणजे फ्लायबार. मुख्य पात्यांना काटकोनात एक सरळ तार, तिच्या दोन टोकांना दोन चपट्या वल्ह्या. पात्यांबरोबर तीही गरगर फिरते आणि फिरत असल्यामुळेच आपली पातळी सहजी सोडत नाही. वाऱ्याच्या झुळकीने यंत्र कलले तरी तार काही क्षण पूर्वीच्याच पातळीत राहते आणि तिला जोडलेल्या दांड्यांमधून पात्यांना सावरते. फिरत्या वस्तूचा आणखी एक चमत्कारिक धर्म मला याच वेळी कळला. तिला ज्या जागी ढकलावे तिथे ती झुकत नाही. पाव फेरा पुढे जाऊन झुकते. म्हणून यंत्राला पुढे कलवायचे तर पात्याचा कोन बाजूला असतानाच वाढवावा लागतो. कारण एकीकडे घडते आणि परिणाम दुसरीकडे दिसतो.

या तारेचा पूर्वज शोधताना मला आर्थर यंग सापडला. प्रिन्स्टनला गणित शिकलेला हा अमेरिकन माणूस 1920 च्या दशकाच्या अखेरीस हेलिकॉप्टरच्या प्रश्नाकडे वळला आणि त्याने सुमारे बारा वर्षे लहान प्रतिकृतींवर घालवली. प्रतिकृती पडे, मोडे, तो ती पुन्हा बांधी. माणूस बसवलेले यंत्र इतक्या वेळा पाडणे कोणालाच परवडले नसते. पात्यांखाली फिरणारा स्थैर्यदंड त्याला या उद्योगात गवसला. 1941 साली त्याने आपली प्रतिकृती बेल कंपनीत उडवून दाखवली. त्यातून निघालेल्या बेल 47 ला 8 मार्च 1946 रोजी अमेरिकेत नागरी वापराचे प्रमाणपत्र मिळाले. तसे मिळालेले ते पहिले हेलिकॉप्टर. स्टॅन्ली हिलरने पुढे त्याच कामासाठी वल्ह्यांची योजना केली आणि आमच्या टेबलावरच्या डोक्यात या दोघांच्या कल्पना एकत्र नांदत होत्या. रेडिओवर चालणारी व्यवहार्य हेलिकॉप्टरे जर्मनीच्या डीटर श्ल्यूटरने 1970 च्या सुमारास उडवली. तेव्हापासून पुढे तीसेक वर्षे या जातीच्या बहुतेक प्रतिकृतींच्या डोक्यावर अशी तार होती. आता तिचे काम इलेक्ट्रॉनिक संवेदक करतात आणि नव्या यंत्रांच्या डोक्यावर ती नसते. यंगने स्वतः हेलिकॉप्टर सोडले आणि उरलेले आयुष्य तत्त्वचिंतनाला दिले. ‘द रिफ्लेक्सिव्ह युनिव्हर्स’ हा त्याचा ग्रंथ 1976 चा. माझ्यासारखीला हा माणूस जवळचा वाटावा यात नवल नाही.

जवळचा म्हणावा असा आणखी एक माणूस या शहराच्या इतिहासात आहे. आमच्या गडहिंग्लज तालुक्यातील हसूरचंपूचे डॉ. विष्णू माधव घाटगे. त्यांनी गॉटिंगेनला प्रांट्ल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली, मल्लेश्वरमच्या शेजारच्या भारतीय विज्ञान संस्थेत 1942 साली विमानविद्येचा विभाग सुरू झाला तेव्हा तिथे शिकवले, आणि हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले एचटी-2 हे शिकाऊ विमान 1951 मध्ये आकाशात गेले. त्या कारखान्याची गोष्ट मला विशेष वाटते. वालचंद हिराचंद यांनी 1940 मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने तो काढला. पण युद्धाच्या काळात तिथले मुख्य काम झाले ते अमेरिकी हवाई दलाच्या विमानांच्या आणि इंजिनांच्या दुरुस्तीचे. दुसऱ्यांची मोडलेली विमाने उकलता उकलता ज्यांचे हात तयार झाले, त्यांच्याच कारखान्यातून पुढे 1965 साली फ्रेंच परवान्यावरचे चेतक आणि 1992 साली स्वतःच्या आराखड्याचे ध्रुव ही हेलिकॉप्टरे उडाली. नातवाला हे सांगितले, तेव्हा तो म्हणाला, “म्हणजे आधी रिपेअर, मग डिझाइन.” मी मान डोलावली आणि मनात आले, समीक्षेत आम्ही दोन्हींना वगळून थेट निकालावर येतो.

जोडणी पुरी झाली. शहराबाहेर एका परिचितांचे पडीक शेत आहे. तिथे उडवायला हरकत नाही ना, हे 2021 च्या ड्रोन नियमांनंतर आलेल्या नकाशावर जावयांनी पाहून घेतले आणि एका रविवारी पहाटे आम्ही तिघे गेलो. मल्लेश्वरमच्या मैदानात हे करता येत नाही. पंखा मिनिटाला अडीच हजार फेरे घेऊ लागला की पात्याचे टोक ताशी तीनशे किलोमीटरहून अधिक वेगाने कापत जाते. म्हणून जावयांनी आम्हांला बरेच दूर उभे केले. पंखा फिरू लागला. आवाज चढला. आणि यंत्र जमिनीवरच असे थरथरू लागले, की शेपटीचे टोक एकाचे दोन दिसायला लागले. जावयांनी मोटर तत्काळ बंद केली.

“शेपटीत दोष आहे,” मी म्हणाले. मला शेपटी थरथरताना दिसली होती, म्हणून दोष शेपटीत. इतक्या ठामपणे म्हणाले, की दोघांनीही मान्य केले. खरे तर भावाच्या कानाचा मला विसर पडला होता. शेपटीचा पंखा मुख्य पंख्याच्या चार-पाच पट वेगाने फिरतो. त्याच्यातला दोष असेल तर कंप बारीक, भुंग्यासारखा असतो. मुख्य पंखा सेकंदाला चाळीसेक फेरे घेतो. त्याचा कंप भरड असतो, यंत्राला हलवून सोडतो आणि लांब नळीच्या टोकाशी, म्हणजे शेपटीत, सर्वांत मोठा दिसतो. हे सारे पुस्तिकेत वाचले होते. पण मी ऐकले नाही, पाहिले. आणि पाहिले तेही सोयीचे तेवढेच. नातवाने शेपटी उघडली. बेअरिंगे बदलली. पट्ट्याचा ताण पुन्हा जुळवला. दोन आठवडे तो शाळेतून आला की तेच करी. रविवारी यंत्र पुन्हा तसेच थरथरले.

तेव्हा जावई म्हणाले, “आई, आता एकेक गोष्ट काढून पाहू. एका वेळी एकच.” घरामागच्या अंगणात, सर्वांना दूर ठेवून, आम्ही मुख्य पाती काढली आणि मोटर हळूहळू चालवली. कंप कमी झाला, गेला नाही. याचा अर्थ दोष नुसत्या पात्यांत नव्हता. मग शेपटीच्या पंख्याची पाती काढली. काहीच फरक नाही. ती परत बसवली आणि फ्लायबार काढला. यंत्र स्वच्छ, एकसुरी आवाजात फिरू लागले. कोणी काही बोलले नाही. नातवाने व्हर्निअर कॅलिपर आणला आणि तार मध्यापासून दोन्ही बाजूंना मोजली. एक बाजू तीन मिलिमीटर लांब होती.

ती तार मी बसवली होती. ती संध्याकाळ मला नीट आठवते. मोजून दोन्ही बाजू सारख्या केल्या होत्या. पण तार धरून ठेवणारा इवलासा स्क्रू आवळताना हात कापू लागला. चावी दोनदा निसटली. तिसऱ्यांदा आवळून झाल्यावर पुन्हा मोजायला हवे होते. नातू शेजारच्या खोलीत होता, हाक मारायला हवी होती. मी तसे काही केले नाही, कारण हाक मारली असती तर हात दाखवावा लागला असता. ‘बसली आहे,’ असे मी स्वतःलाच सांगितले. आणि कंप प्रत्यक्षात उभा राहिला तेव्हा त्याचे मूळ शोधायला मी नेमकी दुसऱ्याने जोडलेल्या भागाकडे गेले. नकळत गेले असे म्हणण्याची माझी इच्छा आहे. पण ते पूर्ण खरे होणार नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही, ती तीन मिलिमीटरसाठी नव्हे. 1980 च्या दशकात मी एका कादंबरीवर परीक्षण लिहिले होते. मधल्या भागात कथन डळमळते, लेखकाची पकड सुटते, असा निर्वाळा दिला होता. परीक्षण गाजले, त्यातले एक वाक्य पुढे इतरांनीही उचलले. दहाएक वर्षांनी अभ्यासक्रमासाठी ती कादंबरी पुन्हा वाचताना लक्षात आले, की कथन डळमळत नाही, निवेदक बदलतो. तो बदल सूचित करणारे एक लहानसे प्रकरण मी पहिल्या वेळी मुदत गाठण्याच्या घाईत भरभर उलटून गेले होते. दोष वाचनातला होता, मी तो पुस्तकात पाहिला. वर्गात मी माझे मत दुरुस्त केले. छापील कुठे केले नाही. लेखक आज हयात नाहीत. त्यांना पत्र लिहावे असे त्या काळात अनेकदा मनात आले होते आणि प्रत्येक वेळी, आता एवढ्या वर्षांनी काय, असे म्हणून मी ते राहू दिले. तेव्हा माझा हात चांगला होता.

दुसऱ्या दिवशी नातू शाळेतून आल्यावर मी त्याला समोर बसवले आणि सांगितले, की फ्लायबार मी चुकीचा बसवला, हात कापत होता म्हणून चुकला, पुन्हा मोजला नाही, आणि दोन आठवडे तुझ्यावर ढकलले. सांगताना हात मांडीवर ठेवला होता. मग वाटले, इतके सांगतेच आहे तर हातही दिसू दे; आणि मी पाण्याचा पेला उचलला.

तो थोडा वेळ पेल्याकडे पाहत राहिला. म्हणाला, “मला वाटलं होतं, फ्लायबार असेल म्हणून.”

“मग बोलला का नाहीस?”

“तू दोन दिवस तेच करत होतीस. मला वाटलं, तुला राग येईल.”

मुलाने मला चुकताना पाहिले होते आणि माझी भीती बाळगून शेपटी उघडली होती. अध्यापनाच्या इतक्या वर्षांत किती विद्यार्थ्यांनी माझ्यासमोर असेच केले असेल, हा हिशेब मला करवला नाही.

आम्ही तार पुन्हा बसवली. या वेळी मी कॅलिपर धरला, त्याने चावी फिरवली. आवळून झाल्यावर दोनदा मोजले. पात्यांची टोके एकाच पातळीत फिरतात की नाही हे पाहायला एका टोकाला तांबडी चिकटपट्टी लावली. रविवारी शेतावर यंत्र फिरू लागले, तेव्हा फिरत्या चकतीच्या कडेला तांबडी रेघ किंचित खाली दिसली. त्या पात्याची दांडी अर्धा आटा वाढवल्यावर दोन्ही रेघा एक झाल्या. खाली काड्यांची फुली आणि तिच्या चार टोकांना टेबल-टेनिसचे चार चेंडू बांधले होते; शिकाऊ माणसाचे यंत्र कलंडू नये म्हणून तसे करतात. नातू कित्येक महिने संगणकावरच्या आभासी हेलिकॉप्टरवर हात बसवत होता. त्याने हलकेच दांडी वर केली आणि चेंडू गवतावरून सुटले. हेलिकॉप्टर कमरेएवढ्या उंचीवर उभे राहिले. शेपटीचे टोक एकच दिसत होते.

तिसऱ्या बॅटरीला तो म्हणाला, “अज्जी, आता तू.” मी नको म्हणाले. दोन रिमोट तारेने जोडता येतात. शिकवणाऱ्याच्या हाती एक खटका असतो, तो सोडला की ताबा त्याच्याकडे परत येतो. अशी दुसरी पेटी त्याने माझ्या गळ्यात अडकवली. दोन दांड्यांवर माझे दोन अंगठे. उजवा लगेच कापू लागला आणि मी डोळे मिटण्याच्या बेतात होते. पण यंत्र जागच्या जागी किंचित डोलत राहिले, भेलकांडले नाही. पंधरा-वीस सेकंद ते माझ्याकडे होते. नंतर त्याने ताबा घेतला आणि ते अलगद उतरवले.

घरी परतताना मोटारीत जावयांनी सांगितले. रिमोटमध्ये एक योजना असते, तिला एक्स्पो म्हणतात. ती वाढवली की दांडीची मध्याजवळची बारीक हालचाल यंत्रापर्यंत सौम्य होऊन पोहोचते. टोकाकडची हालचाल पूर्वीइतकीच राहते. नातवाने आदल्या रात्री माझ्यासाठी ती वाढवून ठेवली होती. मला त्याने हे सांगितले नव्हते. मीही त्याला विचारले नाही. खिडकीबाहेर पाहत राहिले.

आता या यंत्राची देखभाल हे आमचे ठरलेले काम झाले आहे. दर दहा उड्डाणांनी डोके तपासायचे. दुवे सैल झाले असतील तर बदलायचे. शाफ्टला तेलाचा एक थेंब. मोठ्या दंतचक्राच्या दातांवरून नख फिरवून पाहायचे. बॅटरी पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी ठेवायची नाही. प्रत्येक घटाचा दाब 3.8 व्होल्टच्या आसपास आणून मगच कपाटात. या सर्वांची नोंद ठेवायला एक वही केली आहे आणि नोंदी मी लिहिते. हाताने. अक्षर दातेरी येते, वाचता येते. तारीख, उड्डाणे, काय बदलले, कोणी बदलले. ‘कोणी’ हा रकाना मी आग्रहाने घातला.

त्या कादंबरीवर मी नव्याने लिहायला घेतले आहे. निवेदक कुठे बदलतो ते दाखवणारे आणि पहिल्या परीक्षणात माझी नजर कुठून घसरली तेही सांगणारे. ज्यांना ते वाचायला हवे होते, ते वाचणार नाहीत. तरी पहिले परीक्षण ग्रंथालयांतून अजून वाचले जाते, एवढे कारण पुरेसे आहे.

वहीच्या शेवटच्या पानांवर, महिन्यातून एकदा, तज्ज्ञांनी काढायला सांगितले होते तसे सर्पिल मी काढते आणि खाली तारीख घालते. मागच्या महिन्यातले आणि या महिन्यातले शेजारी शेजारी ठेवून नातू ते भिंगातून पाहतो. परवा त्याने बराच वेळ पाहिले आणि म्हणाला, “सेमच आहे, अज्जी. वाढला नाही.” मग त्याने वही मिटली आणि आरसा काढायला गेला, नवी काडी गडगडवून पाहायची राहिली होती.